साइटवर टिकेल असं सॉफ्टवेअर: बांधकाम क्षेत्रात स्टार्टअप सुरू करणाऱ्यांसाठी

बांधकाम व्यवसायासाठी सॉफ्टवेअर करायला निघालेल्या टीमच्या डोक्यात बहुधा एकच चित्र असतं. मालकाच्या टेबलासमोर मोठा स्क्रीन, त्यावर सगळ्या साइट, प्रत्येकीचा खर्च, झालेलं काम, शिल्लक सिमेंट. चित्र चांगलं आहे. पण त्यातला प्रत्येक आकडा कुणाला तरी उन्हाधुळीत, एका हातात टेप धरून भरावा लागतो, आणि भरणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. माहिती हवी मालकाला, भरणार साइट इंजिनिअर. माझ्या पाहण्यातली बंद पडलेली बहुतेक ॲप्स इथेच अडकली. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारत राहा: जो नोंद करतो, त्याचं आजचं कोणतं काम तुमच्यामुळे कमी झालं?

हा लेख महाराष्ट्रातले मध्यम आकाराचे बिल्डर आणि कंत्राटदार डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. मेट्रो, महामार्ग, धरणं करणाऱ्या कंपन्यांचा कारभार निराळा असतो. तिथे नवख्या कंपनीला आत शिरायलाच फार वेळ लागतो, आणि तेवढा वेळ काढण्याइतका पैसा सुरुवातीला हाताशी नसतो.

पायरी १: गिऱ्हाईक कोण ते ठरवा

‘बांधकाम क्षेत्र’ हे काही गिऱ्हाईक नव्हे. एकाच इमारतीवर बिल्डर असतो, मुख्य कंत्राटदार असतो, आरसीसी, प्लास्टर, फरशी, प्लंबिंगचे वेगवेगळे पोटठेकेदार असतात, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल कन्सल्टंट असतात, शिवाय कधी पीएमसी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागारही असतो. बिल्डरला ठेकेदाराचं बिल बारकाईने तपासायचं असतं आणि ठेकेदाराला तेच बिल झटपट पास करून हवं असतं. दोघांना पहिल्याच दिवशी एका ॲपमध्ये बसवलंत, तर दोघेही खरे आकडे वहीतच ठेवतील.

माझ्या मते सुरुवातीला पाच ते पंधरा साइट चालवणारा कंत्राटदार किंवा बिल्डर गाठावा. एक-दोन साइट असतात तोवर मालक रोज स्वतः चक्कर मारतो, त्याला वही आणि फोन पुरतात. पाचच्या पुढे गेल्यावर तो आठवड्यातून एकदाच साइटवर पोचतो, आणि तिथून त्याची झोप उडते.

महापालिकाही गिऱ्हाईक होऊ शकते. पुण्यातली सॉफ्टटेक इंजिनिअर्स ही १९९६ पासूनची कंपनी तिच्या ‘ऑटोडीसीआर’मुळे ओळखली जाते. इमारतीचा नकाशा विकास नियंत्रण नियमांत बसतो की नाही, हे ते सॉफ्टवेअर तपासतं. पण तो धंदा निविदांचा, आणि निविदेत आधीच्या कामांचे दाखले लागतात. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

व्याप्ती किती ठेवावी, यासाठी अमेरिकेतली दोन उदाहरणं पाहण्यासारखी आहेत. प्लॅनग्रिडने २०११ मध्ये एकच गोष्ट हातात घेतली: साइटवरच्या माणसाला चालू आवृत्तीचं ड्रॉइंग आयपॅडवर दिसलं पाहिजे. २०१८ मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनी ८७.५ कोटी डॉलरला घेण्याचा करार केला. कॅटेरा २०१५ मध्ये सुरू झाली आणि तिने डिझाइन, कारखान्यात तयार होणारे भाग, मालाची खरेदी, प्रत्यक्ष उभारणी, सगळंच अंगावर घेतलं. जवळपास दोनशे कोटी डॉलरचं भांडवल उभारूनही २०२१ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. कॅटेरा बुडायला कारणं अनेक होती, पण तिच्याइतकं भांडवल तुमच्याकडे नाही, हे लक्षात असू द्या.

पायरी २: कोड लिहिण्याआधी साइटवर बसा

ओळखीतून एखाद्या साइटवर रीतसर परवानगी घ्या. हेल्मेट आणि सेफ्टी शूज स्वतःचे न्या. ‘तुमच्या अडचणी काय आहेत?’ असं कुणाला विचारू नका, कारण उत्तर ठरलेलं मिळेल: ‘लेबर मिळत नाही.’ त्यापेक्षा कागद बघा. गेटवरचं रजिस्टर, मालाचं चलन, स्टोअरची आवक-जावक वही, मुकादमाची हजेरी, पोर कार्ड (काँक्रीट ओतण्याआधीच्या तपासणीचा कागद), क्यूबचं, म्हणजे काँक्रीटच्या चाचणी ठोकळ्यांचं रजिस्टर, डीपीआर (रोजच्या प्रगतीचा अहवाल), आणि शेवटी ठेकेदाराचं आरए बिल, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलं जाणारं बिल. प्रत्येक कागद कोण लिहितो, कुणाकडे जातो, कुठे अडतो आणि कुठे दुसऱ्यांदा लिहिला जातो, एवढं टिपा.

तीन वेळा महत्त्वाच्या. एक, सकाळी खडी-वाळूच्या गाड्या येतात तेव्हा. दोन, संध्याकाळी हजेरी आणि डीपीआरच्या वेळेला. इंजिनिअर दमलेला असतो आणि तरी व्हॉट्सॲपवर तोच मजकूर तीन ग्रुपना टाकत असतो. तीन, स्लॅबचा दिवस. त्या दिवशी प्रश्न विचारू नका, नुसते बघत उभे राहा. आरएमसीचा (तयार काँक्रीटचा) मिक्सर वाहतुकीत अडकला, पंप बंद पडला, पाऊस आला, की कोण कुणाला फोन करतो आणि कसली नोंद होतच नाही, हे त्या एका दिवसात कळतं.

बसल्यावर अशाही गोष्टी दिसतात, ज्या कुणी सांगत नाही. उदाहरणार्थ हजेरी. अनेक टीम चेहरा ओळखून हजेरी घेणारं ॲप बनवतात आणि ते नेमकं चौरस फुटाच्या दराने काम दिलेल्या ठेकेदाराला दाखवतात. त्याची माणसं आज बारा आली की पंधरा, याचा बिलाशी संबंध नसतो, बिल होतं झालेल्या मापावर. हजेरी तिथे महत्त्वाची, जिथे रोजंदारी आहे: मिस्त्री चार, बिगारी सहा, एकाची दीड हजेरी, आणि आठवड्याला दिलेली खर्ची शेवटच्या हिशेबातून वळती. एकाच साइटवर या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालतात.

पायरी ३: एक कागद निवडा, आणि तो पैशाशी जोडलेला असू द्या

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. माझं मत सांगतो: नव्या टीमने मालाची आवक किंवा आरए बिल, यांपैकी एक उचलावं. दोन्ही ठिकाणी चुकीची किंमत रुपयांत मोजता येते, त्यामुळे विकताना भाषण लागत नाही.

आधी आवक. बाहेरून वाटतं, गाडी आली, चलन आलं, आकडा भरला, झालं. पण खडी-वाळू महाराष्ट्रात अजूनही ब्रासमध्ये मोजली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. प्लास्टर किंवा फरशीवाला ब्रास म्हणाला की तो १०० चौरस फूट म्हणत असतो. एककांच्या टेबलात ‘ब्रास’ एकदाच लिहिलंत तर पहिल्याच महिन्यात घोळ होईल. गाडीतली वाळू टेपने मोजतात आणि ओली वाळू फुगते, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या वाळूचं आकारमान जास्त भरतं. सळई वजनकाट्यावर किलोत येते, पण साइटवर नगांत आणि मीटरमध्ये वापरली जाते. व्यासाच्या मिलिमीटरचा वर्ग भागिले १६२, हे मीटरला किलोचं सूत्र सगळ्यांना तोंडपाठ असतं. १२ मिमीची सळई मीटरला ०.८९ किलो, १२ मीटरचा नग साधारण १०.७ किलो. काट्याचं वजन या हिशेबाशी तंतोतंत कधीच जुळत नाही, कारण रोलिंगमध्ये, म्हणजे कारखान्यात सळई लाटताना, थोडा फरक राहतोच.

म्हणून ‘आलेली मात्रा’ असा एकच रकाना ठेवू नका. चलनावरची मात्रा, गेटवर मोजलेली मात्रा आणि बिलासाठी मान्य केलेली मात्रा, असे तीन रकाने हवेत. सोबत चलनाचा, गाडीच्या नंबरचा आणि काट्याच्या पावतीचा फोटो. महिनाअखेरीला पुरवठादाराचं बिल आलं की अकाउंटंट स्टोअरकीपरला फोन करून चलनं शोधायला लावतो. त्याचा तो वेळ वाचला की स्टोअरकीपर तुमच्या बाजूचा होतो.

आता आरए बिल. सॉफ्टवेअरवाल्यांना यातली पहिली अडचण अशी की हे बिल त्या महिन्याचं नसतं, आजवरच्या एकूण कामाचं असतं, आणि त्यातून मागच्या बिलापर्यंतचं काम वजा होतं. समजा प्लास्टर आजवर १,२०० चौ.मी. झालं, मागच्या बिलापर्यंत ८५० होतं, म्हणजे या बिलात ३५०. दर ३०० रुपये धरला तर १,०५,००० रुपये. यातून ५ टक्के रिटेन्शन (काम नीट झाल्याची खात्री होईपर्यंत राखून ठेवलेली रक्कम) ५,२५० जातं, कामाआधी दिलेल्या उचलीची १० टक्क्यांनी वसुली १०,५०० होते आणि ठेकेदार एकटी व्यक्ती असेल तर १ टक्का टीडीएस १,०५० कापला जातो. उरले ८८,२००. ठेकेदार नोंदणीकृत असेल तर मूळ रकमेवर १८ टक्के जीएसटी वर चढतो. शिवाय त्याने मालकाने पुरवलेलं सिमेंट ठरल्यापेक्षा जास्त वापरलं असेल तर त्याची डेबिट नोट, म्हणजे ती रक्कम बिलातून वळती. मागच्या बिलात भरलेलं माप चुकलं असं आज लक्षात आलं, तर या बिलात ते उणे दाखवावं लागतं. तुमच्या प्रोग्रॅमने मापाला उणे आकडा नाकारला, तर इंजिनिअर त्याच क्षणी एक्सेलकडे परत जातो.

दुसरी अडचण मापाचीच. भारतीय मानक १२०० मध्ये बांधकामाची मापं कशी घ्यायची ते दिलेलं आहे. प्लास्टरमध्ये अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं उघडं (दार-खिडकीसाठी सोडलेली मोकळी जागा) वजा करत नाहीत. अर्ध्यापेक्षा मोठं पण ३ चौरस मीटरपर्यंतचं असेल आणि दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल, तर वजावट एकाच बाजूची, कडांचं प्लास्टर वेगळं धरत नाहीत. त्याहून मोठं असेल तर दोन्ही बाजू वजा आणि कडा मिळवायच्या. म्हणजे १ मीटर बाय २.१ मीटरच्या नेहमीच्या दाराचं उघडं एकाच बाजूला वजा होतं. भूमितीने काढलेलं क्षेत्रफळ बरोबर असूनही ठेकेदार ते मान्य करणार नाही, आणि त्याचं म्हणणं रास्त असेल. खासगी कामांत करारनामा यापेक्षा वेगळाही असतो, म्हणून वजावटीचा नियम प्रत्येक कराराच्या प्रत्येक बाबीला वेगळा ठेवता आला पाहिजे. हे तुमच्यातल्या कुणालाच येत नसेल तर बिलिंग इंजिनिअरला भागीदार करून घ्या. सल्लागार ठेवून भागत नाही, कारण असे प्रश्न रोज उठतात.

एक छोटी वाटही आहे, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: काँक्रीटचे क्यूब. ते ७ आणि २८ दिवसांनी तपासतात. काँक्रीट किती ओतलं त्यावर नमुने किती घ्यायचे हे भारतीय मानक ४५६ मध्ये आहे. १६ ते ३० घनमीटरला ३ नमुने, आणि एका नमुन्याचे तीन क्यूब. मोठ्या साइटवर एकाच वेळी शंभरावर क्यूब पाण्याच्या टाकीत असतात. त्यांतला आज कोणता काढायचा याची आठवण करून देणारं आणि अहवालाचा तक्ता आपोआप तयार करणारं साधं साधन क्वालिटी इंजिनिअर स्वतःहून वापरतो. कंपनी उभी राहण्याइतकी कमाई यात नाही, पण साइटवर तुमचा शिरकाव होतो.

पायरी ४: पहिली आवृत्ती

बेसमेंटमध्ये रेंज नसते. नेट नसताना नोंद व्हायलाच हवी आणि रेंज आल्यावर ती वर जायला हवी. दोघांनी एकाच गोष्टीची नोंद केली तर एकाची दुसऱ्यावर चढवू नका, दोन्ही ठेवा आणि वरिष्ठाला निवडू द्या. मात्रा कधीच खोडू देऊ नका, चूक झाली तर उलटी नोंद करून दुरुस्त होईल असं ठेवा. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांचा माग ठेवणं १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहेच. तुमचा आकडा पुढे तिकडेच जाणार, तर ही शिस्त उगमापासून लावलेली बरी.

स्वस्तातला अँड्रॉइड फोन, चिरलेली काच, सिमेंटने भरलेली बोटं, हे गृहीत धरा. आकड्यांची मोठी बटणं, कमीत कमी टायपिंग, फोटो आपोआप लहान होणारा. स्टोअरकीपर मराठीत लिहील, मुकादम हिंदीत बोलेल आणि इंजिनिअर इंग्रजी संक्षेप वापरेल. तिघांचं सिमेंट यादीत एकच निघालं पाहिजे. मालाची यादी पहिल्याच दिवशी सगळ्यांना वाढवू दिलीत, तर महिन्याभरात ‘सिमेंट ५३’, ‘सीमेंट बॅग’ आणि ‘ओपीसी’ असे तीन वेगळे साठे दिसायला लागतील.

व्हॉट्सॲपशी भांडू नका. डीपीआर तुमच्या ॲपमधून तयार होऊन मालकाच्या ग्रुपवर नेहमीच्या साच्यात जाऊ द्या. इंजिनिअरची संध्याकाळची पंधरा मिनिटं वाचली, तर तो उद्याही नोंद करेल. टॅलीशीही भांडू नका. नवं हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहायचा मोह होतो, पण सीए आणि अकाउंटंट दोघांचा हात टॅलीवर बसलेला असतो. मान्य झालेल्या नोंदी टॅलीला घेता येतील अशा स्वरूपात पाठवा आणि तिथेच थांबा.

त्रिमितीय मॉडेल, ड्रोन, फोटोवरून प्रगती ओळखणं, हे सगळं गुंतवणूकदारांना आवडतं. ज्या साइटवर चालू आवृत्तीचं ड्रॉइंग कोणतं याचाच वाद आहे, तिथे ते नंतर.

पायरी ५: पायलट, म्हणजे एका साइटवरची चाचणी

एकच साइट घ्या, जिथे काम खरंच चालू आहे आणि महिन्याभरात किमान एक स्लॅब पडणार आहे. फुकट करू नका. रक्कम छोटी असू द्या, पण पैसे दिलेला मालक इंजिनिअरला विचारतो की नोंदी भरल्या का. फुकटचं ॲप तो स्वतःही उघडत नाही. सुरुवातीला कागद आणि ॲप दोन्ही चालतील, त्याला पर्याय नाही. कागद कधी बंद करायचा याची तारीख मात्र मालकाकडून आधीच घ्या, नाहीतर दुहेरी काम कायमचं गळ्यात पडतं आणि त्याचा दोष तुमच्या माथी येतो.

विरोध होईल. तो चोरी उघडी पडेल म्हणूनच होतो, असा समज करून घेऊ नका. स्टोअरकीपरला धास्ती असते की नेहमीची दोन-चार बॅगांची तफावत, जी आजवर फुटलेल्या पोत्यांच्या खात्यावर जात होती, ती आता त्याच्या नावावर लाल रंगात दिसेल. तुटफुटीसाठी वेगळी, कारणासह नोंद द्या आणि मालकाशी बोलून वाजवी मर्यादा ठरवून घ्या.

मुहूर्तही बघा. जून ते सप्टेंबर खोदाई आणि उघडी कामं मंदावतात. दिवाळी आणि छटपूजेला, तसंच होळीला, उत्तरेकडचे मजूर गावी जातात आणि साइट अर्धी रिकामी होते. सरकारी कामं करणाऱ्या कंत्राटदाराला मार्चमध्ये भेटूही नका, तो बिलांच्या मागे असतो. दिवाळीनंतर माणसं परतली की लगेच सुरू केलेला पायलट सगळ्यात बरा चालतो.

पायरी ६: दर आणि वसुली

दर माणशी लावू नका. माणशी दर लावला की पूर्ण साइट एकाच लॉगिनवर चालते, आणि कोणी कधी नोंद केली ही माहितीच नाहीशी होते. मग तुमच्याकडे विकण्यासारखं काय राहिलं? दर साइटला, महिन्याला, माणसं कितीही. साइट संपली तरी माहिती वाचता येईल, हे करारातच लिहा. रिटेन्शन सुटायला आणि दोषदायित्वाचा काळ (ज्यात कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचे असतात) संपायला वेळ लागतो, तेव्हा जुनी मापं लागतात.

निर्णय मालकाचा असतो. अनेक घरांत शिकून आलेली पुढची पिढी तुमच्या बाजूने बोलते, पण अकाउंटंटने मान हलवली नाही तर चेक निघत नाही. त्याला पहिल्या भेटीतच सामील करा.

पैसे उशिरा मिळतील, हे धरून चाला. उद्यम नोंदणी लवकर करा. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला, तर ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी तो खर्च आयकरात धरता येतो, अशी तरतूदही एप्रिल २०२४ पासून लागू झाली. गिऱ्हाइकावर खटला कुणी घालत नाही, पण सीएला ही तरतूद माहीत असते आणि मार्चमध्ये तोच मालकाला आठवण करतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे तिमाहीचे पैसे आगाऊ घेणं.

पायरी ७: कायद्याचं थोडं

बिल्डर गिऱ्हाईक असेल तर रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाचा कायदा, समजून घ्याच. जमीन ५०० चौ.मी.पेक्षा जास्त आणि सदनिकाही ८ पेक्षा जास्त असलेल्या प्रकल्पाला नोंदणी लागते. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते काढताना आर्किटेक्ट, इंजिनिअर व सीए यांचे दाखले लागतात. महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर दर तिमाहीला प्रगती भरावी लागते. साइटवरच्या रोजच्या नोंदींतून हे आकडे तयार निघाले, तर तीन महिन्यांनी एकदा ऑफिसात उडणारी धावपळ वाचते. दाखला मात्र सही करणाऱ्या माणसाचाच असतो. ‘एका बटणावर रेरा’ असं जाहिरातीत लिहू नका.

मजुरांची माहिती जपून घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार कशासाठी काय घेता हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगायला हवं. आधार कार्डाचे फोटो साठवायची गरज बहुतेक वेळा नसतेच, मग ते मागूच नका. उलट, हजेरीचा उपयोग मजुरालाही होऊ शकतो. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तुमच्या नोंदींवरून ठेकेदार तो लगेच देऊ शकला, तर मुकादमच माणसांना हजेरी लावायला सांगेल.

पायरी ८: दुसरी साइट

पहिल्या साइटवर तुमची माणसं जाऊन-येऊन असतात, त्यामुळे तिथलं यश फसवं असतं. त्याच मालकाच्या दुसऱ्या साइटवर फक्त एक दिवस शिकवा आणि मग महिनाभर जाऊ नका, फोनवर मदत करा. रोज संध्याकाळी सातपर्यंत किती नोंदी आल्या, एवढाच आकडा बघा. पहिल्या आठवड्यानंतर नोंदी रविवारी एकदम यायला लागल्या, तर कुणीतरी वहीतून उतरवून काढतो आहे असं समजा, आणि त्याला फोन करून वहीत काय सोपं वाटतं ते विचारा. तिसरं गिऱ्हाईक शोधण्याआधी हा फोन करा, आणि त्यावर जे ऐकायला मिळेल ते बदलून मगच पुढच्या कंत्राटदाराच्या ऑफिसात जा.